प्रादेशिक बँक होल्डिंग कंपनीचं फ्री कॅश फ्लो मार्जिन: नफा तोच, मार्जिन ४ टक्क्यांवरून ४६ वर कसं?

पर्वतीकर

नमस्कार. अमेरिकेतल्या एका प्रादेशिक बँक होल्डिंग कंपनीचे आकडे बघतोय. मिडवेस्टमधली, एकूण मालमत्ता ४,००० कोटी डॉलरच्या आसपास, खाली एकच बँक. एलआरएसमधून (भारतातून परदेशी पैसे पाठवायची रिझर्व्ह बँकेची योजना) थोडे शेअर घ्यायचा विचार आहे, मुख्यतः लाभांशासाठी. बाकी कंपन्या बघताना मी आधी फ्री कॅश फ्लो मार्जिन बघतो. इथेही बघितलं आणि अडकलो.

आकडे गोल करून देतो, सगळे कोटी डॉलरमध्ये. दोन्ही वर्षी जवळजवळ हेच आहेत: व्याज उत्पन्न २००, व्याज खर्च ८०, व्याजेतर उत्पन्न ४०, व्याजेतर खर्च ९५, बुडीत कर्जांची तरतूद १५. करपूर्व नफा ५०, कर ११, निव्वळ नफा ३९. प्रेफर्ड शेअरवरचा (ज्यांना सामान्य शेअरच्या आधी लाभांश मिळतो) लाभांश २ काढला की सामान्य भागधारकांसाठी ३७.

पहिल्या वर्षी ऑपरेटिंग कॅश फ्लो १५, इमारती-उपकरणांवरचा खर्च ५, म्हणजे एफसीएफ (फ्री कॅश फ्लो) १०. दुसऱ्या वर्षी ऑपरेटिंग ११५, खर्च ५, एफसीएफ ११०. एक वेबसाइट उत्पन्न २४० धरते आणि मार्जिन ४.२ टक्के व ४५.८ टक्के दाखवते. दुसरी उत्पन्न १६० धरते, तिच्यावर हेच ६.३ आणि ६८.८.

नफा तोच, शाखा त्याच, कर्जांचा आकारही फार बदललेला नाही. मग हे काय आहे? बँकेसाठी हा आकडा नीट काढायची काही रीत आहे का? आणि कंपनी ‘होल्डिंग’ आहे याने लाभांशाच्या दृष्टीने काही फरक पडतो का?

ताळेबंद

दोन्ही वेबसाइटची बेरीज बरोबर आहे. घोळ पत्रकाच्या रचनेतून येतो.

कारखान्याच्या रोख प्रवाह पत्रकात धंदा ऑपरेटिंगमध्ये, यंत्रं इन्व्हेस्टिंगमध्ये आणि भांडवल व कर्ज फायनान्सिंगमध्ये असतं. बँकेचा धंदा म्हणजे ठेवी घेणं आणि कर्जं देणं. यूएस गॅपमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या हिशोब-नियमांत, या दोन्ही गोष्टी ऑपरेटिंगमध्ये येतच नाहीत. ठेवींची वाढ-घट फायनान्सिंगमध्ये जाते. स्वतःच्या पुस्तकात ठेवायची कर्जं आणि ट्रेडिंग सोडून बाकीचे रोखे इन्व्हेस्टिंगमध्ये जातात. म्हणजे ज्या भागाला आपण ‘धंद्यातून आलेली रोकड’ म्हणतो, त्यात बँकेचा मूळ व्यवहारच नसतो. व्याज मात्र, मिळालेलं आणि दिलेलं दोन्ही, ऑपरेटिंगमध्येच असतं.

मग तिथे नफ्याशिवाय उरतं काय? घसारा आणि तरतुदीसारख्या बिनरोख बाबी, डेरिव्हेटिव्ह करारांपोटी मार्जिन (अनामत) म्हणून दिलेली-घेतलेली रोकड, आणि तुमचा आकडा हलवणारी ओळ: विक्रीसाठी ठेवलेली कर्जं. बँक गृहकर्ज देते ते पुष्कळदा फॅनी मे किंवा फ्रेडी मॅक या गृहकर्जं विकत घेणाऱ्या संस्थांकडे विकण्यासाठी. असं कर्ज देणं आणि विकणं यांत काही आठवडे जातात. हे कर्ज पहिल्या दिवसापासून विकण्यासाठीच दिलेलं असल्याने ते दुकानातल्या मालासारखं धरतात आणि त्याची ये-जा ऑपरेटिंगमध्ये दाखवतात. ३१ डिसेंबरला गोदामात माल जास्त पडून असला की ऑपरेटिंग कॅश फ्लो खाली, पुढच्या डिसेंबरात माल उठलेला असला की वर.

तुमचे आकडे जुळवून बघतो. घसारा आणि इतर बिनरोख खर्च ७ आणि मार्जिन वगैरे बाबींतून अधिक ४ धरले, तर:

पहिलं वर्ष: ३९ + १५ + ७ + ४ − ५० = १५.
दुसरं वर्ष: ३९ + १५ + ७ + ४ + ५० = ११५.

एका डिसेंबरला विक्रीची कर्जं ५० ने वाढली, पुढच्या डिसेंबरला तेवढीच घटली. बाकी काही झालेलं नाही. ४,००० कोटींच्या ताळेबंदात ५० म्हणजे सव्वा टक्का, पण ३९ च्या नफ्यापुढे तो केवढा दिसतो बघा. टेन-के (कंपनीचा वार्षिक अहवाल) काढा आणि रोख प्रवाह पत्रकात ‘विक्रीसाठीच्या कर्जांचं वाटप’ आणि ‘विक्रीतून आलेली रक्कम’ या दोन ओळींतला फरक बघा. शंभर टक्के नाही तरी बहुतेक उडी तिथेच सापडेल.

याचा उलटा अर्थ लागतो, तो जास्त धोक्याचा. २०२०-२१ मध्ये व्याजदर तळाला होते, रिफायनान्सची लाट होती, गृहकर्ज विभाग जोरात कमावत होता. तेव्हा गोदाम भरत होतं आणि ऑपरेटिंग कॅश फ्लो दबत होता. मार्च २०२२ पासून फेडने (अमेरिकेची मध्यवर्ती बँक) दर ०-०.२५ वरून जुलै २०२३ पर्यंत ५.२५-५.५० वर नेले. गृहकर्जाचा धंदा आटला, गोदाम रिकामं झालं, आणि त्याच वेळी ऑपरेटिंग कॅश फ्लो फुगला. म्हणजे धंदा खाली जात असताना मार्जिन वर.

एक बारकावा: आधी स्वतःकडे ठेवायला दिलेलं कर्ज नंतर विकायचं ठरवलं, तर त्याची रक्कम इन्व्हेस्टिंगमध्येच राहते. वर्गवारी कर्ज देतानाच्या हेतूवर ठरते. त्यामुळे ताळेबंदातला विक्रीच्या कर्जांचा फरक आणि रोख पत्रकातला फरक जुळला नाही तर लगेच गोंधळू नका.

ताळेबंद

भाजक राहिला. २४० म्हणजे व्याज खर्च वजा न करता, १६० म्हणजे वजा करून. बँकेसाठी १६० च वापरा. ठेवीदाराला दिलेलं व्याज हा बँकेचा कच्चा माल आहे आणि तो व्याजदरांबरोबर हलतो. समजा दर पडले आणि व्याज उत्पन्न १३०, व्याज खर्च १० झाला. निव्वळ व्याज उत्पन्न १२० च राहिलं, पण ढोबळ उत्पन्न २४० वरून १७० वर आलं. अंशस्थानी काहीही न बदलता मार्जिन सुधारलेलं दिसेल. २०२१ आणि २०२३ ची तुलना ढोबळ उत्पन्नावर करणाऱ्या कोणत्याही तक्त्यावर विसंबू नका.

गहाणखत

वरचं सगळं बरोबर आहे, पण मला त्याहून गंभीर वाटणारी गोष्ट वेगळी आहे. विक्रीची कर्जं बाजूला काढून आकडा सपाट केला तरी तो चुकीचाच राहतो, कारण तरतुदीचे १५ बिनरोख म्हणून नफ्यात परत मिळवलेले, म्हणजे पुन्हा जोडलेले, आहेत.

कारखान्यात घसारा परत मिळवला तर भांडवली खर्च वजा होतो. यंत्राची झीज कुठेतरी मोजली जाते. बँकेत तरतूद परत मिळवली, मग कर्ज खरंच बुडालं तर ते पत्रकात कुठे दिसतं? ऑपरेटिंगमध्ये कुठेच नाही. कर्ज देताना रोकड इन्व्हेस्टिंगमधून गेली होती, बुडाल्यावर ती इन्व्हेस्टिंगमध्ये परत आली नाही, एवढंच. राइट-ऑफ ही तर नुसती पुस्तकी नोंद आहे, कर्जही कमी आणि तरतुदीचा साठाही कमी. म्हणजे बँकेच्या धंद्यातला सगळ्यात जोखमीचा खर्च, कर्जं बुडण्याचा पत खर्च, ऑपरेटिंग कॅश फ्लोला आयुष्यभर कधी शिवतच नाही. सगळी कर्जं बुडवणारी बँकसुद्धा तरतूद परत मिळवून एफसीएफ दाखवू शकते, निदान व्याज येणं थांबेपर्यंत.

२०२० पासून मोठ्या कंपन्यांना सीईसीएल हा हिशोब-नियम लागू झाला, म्हणजे कर्जाच्या पूर्ण आयुष्यातला अपेक्षित तोटा आधीच तरतुदीत धरायचा. त्यामुळे वाईट वर्षात तरतूद एकदम मोठी येते, नफा पडतो, पण तीच रक्कम परत मिळवल्यामुळे ऑपरेटिंग कॅश फ्लो मात्र शांत दिसतो.

न्यूयॉर्क कम्युनिटी बँकॉर्पचं बघा. ३१ जानेवारी २०२४ ला त्यांनी आदल्या तिमाहीसाठी ५५.२ कोटी डॉलरची तरतूद जाहीर केली आणि तिमाही लाभांश १७ सेंटवरून ५ सेंटवर आणला. फ्लॅगस्टार ही बँक आणि बुडालेल्या सिग्नेचर बँकेचा काही भाग घेतल्यावर मालमत्ता १०,००० कोटी डॉलरच्या वर गेली होती. त्या रेषेपलीकडे नियम कडक होतात, त्यासाठी भांडवल राखायचं होतं. पुढे गुडविलचे (दुसऱ्या बँका घेताना पुस्तकी किमतीवर दिलेली जादा रक्कम) सुमारे २४० कोटी डॉलर उडवले आणि मार्चमध्ये बाहेरून १०० कोटींहून जास्त भांडवल आणावं लागलं. यातली तरतूद आणि गुडविल दोन्ही बिनरोख, दोन्ही ऑपरेटिंग कॅश फ्लोत परत मिळवल्या जाणाऱ्या. लाभांश कापायला लावलं ते भांडवलाने.

अशीच आणखी दोन ठिकाणं तपासा. एक, बँक उपकरणं विकत घेऊन ऑपरेटिंग लीजवर देत असेल तर त्यांचा घसारा ऑपरेटिंगमध्ये परत येतो, पण खरेदी इन्व्हेस्टिंगमध्ये वेगळ्या ओळीत असते आणि वेबसाइट ती भांडवली खर्चात धरत नाहीत. दुसरं, परवडणाऱ्या घरांच्या प्रकल्पांतली करसवलतीची गुंतवणूक. तिची वार्षिक कपात (खर्चात टाकलेला हिस्सा) परत मिळवली जाते आणि प्रत्यक्ष पैसे इन्व्हेस्टिंगमधून जातात. दोन्ही ठिकाणी एफसीएफ जास्त दिसतो.

तुमच्या आकड्यांत विक्रीची कर्जं आणि डेरिव्हेटिव्हचं मार्जिन काढलं, तरतूद खर्च म्हणूनच ठेवली, तर ३९ + ७ − ५ = ४१. भागिले १६०, म्हणजे २५.६ टक्के. निव्वळ नफ्याचं मार्जिन २४.४ आहे. इतकी साफसफाई करून आपण नफ्यापाशीच पोचलो. म्हणून बँकेचा एफसीएफ साफ करत बसू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

सांगली_ते_सिडनी

मध्येच एक विचारतो. आपल्याकडच्या बँकांवर हेच सूत्र लावलं तर? बँक ऑफ महाराष्ट्रसारखी बँक आणि ही अमेरिकन बँक शेजारी ठेवून बघता येईल का?

ताळेबंद

नाही. भारतीय बँका एएस-३ या जुन्या हिशोब-मानकाप्रमाणे पत्रक काढतात, नवी इंड एएस मानकं त्यांना अजून लागू नाहीत. तिथे ठेवी आणि कर्जं दोन्ही ऑपरेटिंगमध्ये असतात. कर्जं ठेवींपेक्षा जोरात वाढली की ऑपरेटिंग कॅश फ्लो उणे, ठेवी जास्त आल्या की हजारो कोटी अधिक. अमेरिकन बँकेच्या आकड्यात नेमक्या याच दोन गोष्टी नाहीत. नाव एकच असलं तरी मोजलेली वस्तू वेगळी आहे. दोन्हीकडे तो निरुपयोगी आहे, पण कारणं वेगवेगळी.

कोल्हापुरी_ओहायोत

पर्वतीकर, तुमचा तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि त्याचं उत्तर तुम्ही बघताय त्या एकत्रित पत्रकात नाही.

तुम्ही शेअर घेणार तो होल्डिंग कंपनीचा. ठेवी, कर्जं, शाखा हे सगळं खालच्या बँकेचं. होल्डिंग कंपनी वेगळी कायदेशीर व्यक्ती आहे आणि तिच्याकडे रोकड येते ती मुख्यतः एका नळातून: बँकेने वर दिलेला लाभांश. तिचा खर्च म्हणजे स्वतःच्या रोख्यांवरचं व्याज, थोडा कारभार, प्रेफर्ड लाभांश, सामान्य लाभांश, बायबॅक (स्वतःचेच शेअर परत विकत घेणं). बँकेच्या तिजोरीतून ती वाटेल तशी उचल घेऊ शकत नाही. फेडरल रिझर्व्ह कायद्याच्या कलम २३-ए प्रमाणे बँक एका संलग्न कंपनीला स्वतःच्या भांडवल-अधिशेषाच्या १० टक्क्यांपर्यंत आणि सगळ्या मिळून २० टक्क्यांपर्यंतच कर्ज देऊ शकते, तेही तारण घेऊन. उलट दिशेला मात्र बंधन आहे: बँक अडचणीत आली तर होल्डिंग कंपनीने तिला आधार द्यायचा, हे २०१० च्या डॉड-फ्रँक सुधारणांनी कायद्यात लिहिलं.

टेन-केच्या टीपांमध्ये, बहुतेकदा अगदी शेवटी, ‘फक्त पालक कंपनी’ची संक्षिप्त पत्रकं असतात. ‘फ्री कॅश’ या शब्दाला अर्थ असलेली बँकेतली ती एकच जागा. तिथे असं वाचा. समजा तुमच्या कंपनीत बँकेने ४२ कमावले, ३० वर पाठवले. पालक कंपनीचा स्वतःचा खर्च करानंतर ३. पत्रक निव्वळ नफा ३९ पासून सुरू होईल, त्यातून ‘उपकंपनीचा न वाटलेला नफा’ १२ वजा होईल, आणि ऑपरेटिंग २७ येईल. ताळा करा: ३० − ३ = २७. यातून प्रेफर्ड २, सामान्य लाभांश १५, बायबॅक ८. शिल्लक २.

आता रोकड किती महिने पुरेल ते काढा. पालक कंपनीकडे रोख २५ आहे असं धरू. बायबॅक थांबवता येतं, म्हणून ते सोडा. खर्च ३, प्रेफर्ड २, लाभांश १५, एकूण २०. बँकेकडून एक डॉलर आला नाही तरी १५ महिने निभावेल. पण येत्या बारा महिन्यांत २० चे रोखे परतफेडीला येत असतील तर गरज ४० ची, हातात २५. बाजार बंद असेल त्या वेळी हीच तफावत लाभांश कापायला लावते. परतफेडीचं वेळापत्रक दीर्घ मुदतीच्या कर्जाच्या टीपेत मिळतं. तिथे पालक कंपनीचं कर्ज आणि बँकेचं कर्ज वेगळं लिहिलेलं आहे ना ते नीट बघा, दोन्ही एकत्र धरण्याची चूक फार होते.

सोबत दुहेरी लिव्हरेज काढा: उपकंपन्यांतली गुंतवणूक भागिले पालक कंपनीचं भांडवल. भांडवल ४००, कर्ज ६०, रोख २५, बँकेत गुंतवलेले ४३५ असतील तर १०८.७५ टक्के. शंभराच्या वरचा भाग म्हणजे वर कर्ज काढून खाली भांडवल म्हणून घातलेला पैसा. त्याचं व्याज वेळेवर द्यावंच लागतं, पण ते भागवणारा बँकेचा लाभांश थांबू शकतो. १२० च्या पुढे गेलं की मी कंपनी बाजूला ठेवते.

दर तिमाहीला बघायचं असेल तर एफआर वाय-९एलपी हा अर्ज एफएफआयईसीच्या (बँक-नियामकांचं संयुक्त मंडळ) नॅशनल इन्फर्मेशन सेंटरवर फुकट मिळतो, त्यात रोख प्रवाहाचं परिशिष्ट आहे. ३०० कोटी डॉलरपेक्षा लहान कंपन्या वाय-९एसपी भरतात, तो सहामाही असतो. एकत्रित आकड्यांसाठी वाय-९सी.

काही बँकांच्या वर होल्डिंग कंपनीच नसते. झायन्सने २०१८ मध्ये ती बँकेत विलीन केली. सिग्नेचर आणि फर्स्ट रिपब्लिकलाही नव्हती. तिथे ही टीप शोधत बसू नका.

आणि एक सावधगिरी. पालक कंपनीच्या ‘रोख’ ओळीचं तपशीलवार वर्णन वाचा, कारण ती रोकड बहुतेकदा स्वतःच्याच बँकेत ठेव म्हणून असते. १० मार्च २०२३ ला सिलिकॉन व्हॅली बँक ताब्यात घेतली गेली, १७ मार्चला वरची एसव्हीबी फायनान्शियल चॅप्टर ११ दिवाळखोरीत गेली. तिचे सुमारे १९० कोटी डॉलर त्याच बँकेत ठेव होते आणि ते मिळवण्यासाठी तिला एफडीआयसी या ठेव-विमा संस्थेविरुद्ध कोर्टात जावं लागलं.

गहाणखत

+१. त्याच बँकेचं आणखी एक: २०२२ च्या अखेरीस मुदतपूर्तीपर्यंत धरायचे रोखे ९,१०० कोटी डॉलरच्या घरात होते, त्यांवरचा न नोंदलेला तोटा सुमारे १,५०० कोटी आणि एकूण भागभांडवल सुमारे १,६००. यातलं काहीही ऑपरेटिंग कॅश फ्लोत नव्हतं, नफ्यात नव्हतं, आणि नियामक भांडवलातही नव्हतं. टेन-केच्या रोख्यांच्या टीपेत मात्र होतं, अमॉर्टाइज्ड किंमत आणि बाजारभाव शेजारी-शेजारी. कोणत्याही बँकेचं आधी ते पान उघडा.

कोल्हापुरी_ओहायोत

आता मार्जिनच्या जागी काय, ते सांगते. कारखान्याला वाढायला यंत्रं लागतात, बँकेला वाढायला भांडवल लागतं. म्हणून भांडवली खर्चाच्या जागी कर्जवाढीला लागणारं भांडवल ठेवा:

वाटण्याजोगं = सामान्य भागधारकांचा नफा + अमूर्त मालमत्तेची कपात − (जोखीम-भारित मालमत्तेतली वाढ × सीईटी१ चं लक्ष्य)

सीईटी१ म्हणजे बँकेचं सगळ्यात भक्कम भांडवल, जोखीम-भारित मालमत्तेच्या टक्क्यांत मोजलेलं; जोखीम-भारित म्हणजे प्रत्येक मालमत्तेला तिच्या जोखमीप्रमाणे वजन दिलेली. कपात म्हणजे अमूर्त मालमत्तेचा दरवर्षी खर्चात टाकलेला हिस्सा. अमूर्त मालमत्ता सीईटी१ मधून आधीच वजा असते, म्हणून तिची कपात नफ्यात मिळवायची, कर धरून. जोखीम-भारित मालमत्ता वाय-९सीच्या एचसी-आर परिशिष्टात मिळते. समजा ती ३,००० आहे, वाढ ५ टक्के म्हणजे १५०, लक्ष्य १०.५ टक्के, कपात २. मग ३७ + २ − १५.७५ = २३.२५. व्याज खर्च वजा केलेल्या १६० च्या उत्पन्नावर १४.५ टक्के. मार्जिनच हवं असेल तर हे घ्या. १५ लाभांश दिल्यावर ८.२५ बायबॅकला उरतात, म्हणून वरच्या उदाहरणातले ८ परवडतात.

आता वाढ १२ टक्के करा. ३६० × १०.५ टक्के = ३७.८. वाटण्याजोगं उरलं १.२. लाभांश १५ च दिला तर १३.८ ची तूट, म्हणजे सीईटी१ साधारण ०.४ टक्का-बिंदूने खाली. कर्जवाढीच्या बातम्या वाचून खूश होणाऱ्या लाभांशवाल्याने हा हिशोब आधी करावा.

पर्वतीकर

सगळ्यांचे मनापासून आभार. विक्रीच्या कर्जांची ओळ तपासली, उडी जवळजवळ पूर्ण तिथेच आहे.

सूत्र मी असं लावलं: सीईटी१ ची किमान पातळी ४.५ अधिक संरक्षक थर २.५, म्हणजे ७ टक्के. १५० × ७ टक्के = १०.५. ३७ + २ − १०.५ = २८.५. लाभांश वजा जाता १३.५ बायबॅकला. बरोबर?

गहाणखत

७ नको. ७ ही रेषा ओलांडून खाली गेलं की लाभांशावर आपोआप बंधनं सुरू होतात; तिथे राहायचं कोणाच्याच मनात नसतं. कंपनी आज १०.५ वर असेल आणि तुम्ही नव्या वाढीला ७ नेच भांडवल द्याल, तर वर्षाअखेर ३१५ + १०.५ = ३२५.५ भागिले ३,१५०, म्हणजे १०.३३. दरवर्षी ०.१७ टक्का-बिंदूच्या आसपास निसटत जाणार. व्यवस्थापनाने जाहीर केलेलं लक्ष्य वापरा, तिमाही निकालांच्या सादरीकरणात असतं.

बायबॅकच्या रकमेवर २०२३ पासून १ टक्का अबकारी कर आहे, तोही धरा. आणि तुमच्या हातात येणाऱ्या लाभांशातून अमेरिकेत २५ टक्के आधीच कापले जातील.

पर्वतीकर

समजलं. शेवटचं: बँक होल्डिंग कंपनीला ३० देते आहे, ते चालू राहतील का हे कसं ओळखायचं?

कोल्हापुरी_ओहायोत

खालची बँक नॅशनल बँक असेल किंवा फेडची सदस्य असलेली राज्य बँक असेल, तर तीन वर्षांची कसोटी लागते. चालू वर्षाचा नफा अधिक आधीच्या दोन वर्षांचा राखलेला नफा, यापेक्षा जास्त लाभांश नियामकाच्या परवानगीशिवाय देता येत नाही.

तुमच्या बँकेने दरवर्षी ४२ कमावून ३० दिले, म्हणजे दरवर्षी १२ राखले. चांगल्या वर्षात मर्यादा ४२ + १२ + १२ = ६६. भरपूर.

आता एका वाईट वर्षात नफा १० वर आला. मर्यादा १० + २४ = ३४. ३० अजून बसतात, बँक देते, आणि होल्डिंग कंपनीचं पत्रक पूर्वीसारखंच दिसतं. त्या वर्षाचा राखलेला नफा मात्र उणे २० झाला. दुसऱ्या वर्षीही नफा १० च राहिला तर साध्या बेरजेने १० + १२ − २० = २. तूट आधीच्या वर्षांच्या शिलकीतून वळती करायची सोय नियमात आहे, ती वापरली तरी ३० च्या निम्म्यापर्यंतही पोचत नाही. म्हणजे नळ पहिल्या वाईट वर्षी वाहतो आणि दुसऱ्या वर्षी अचानक बारीक होतो. पालक कंपनीच्या १५ महिन्यांच्या रोकडीची गरज तिथे लागते, आणि २० चे रोखे त्याच वर्षी परतफेडीला येतायत का, ते तिथेच ठरतं.

यासाठी होल्डिंग कंपनीचा नाही, बँकेचा कॉल रिपोर्ट (नियामकाला भरलेलं तिमाही विवरण) उघडा. आरआय-ए परिशिष्टात बँकेचा निव्वळ नफा आणि जाहीर केलेला लाभांश एकाच पानावर आहेत. आकडे वर्षाच्या सुरुवातीपासूनचे असतात, त्यामुळे प्रत्येक वर्षाचा डिसेंबरचाच रिपोर्ट घ्या, तिमाहींची बेरीज करू नका.